मंडल्याचं पाणी

— नाही नाही, डॉक्टर नको म्हणू मले. दारावरची पाटी वाचली नाही का? यशोधरा गजभिये, डेटा प्रमुख. बस्स. पुढं डॉक्टर काहून लागलं नाही, हे तुझ्या गाइडले, आलोक सरांले विचारजो. बस ना, उभी काहून? चहा घे. इथलीच ना तू, जबलपुरातल्या घमापुरची, वैभवी? मग मराठी समजते तुले — बोल हिंदीतच, चालते.

अच्छा, तर तुले मंडल्याच्या हँडपंपांचे आकडे पाह्यजेत, फ्लोराइडचे. एवढा मोठा पाणी तपासायचा कार्यक्रम, पाच राज्यांतली कॉलेजं, सगळ्यांचा डेटा आमच्या या सिविल लाइंसच्या ऑफिसात — आणि तुझा प्रबंध अडला तो नेमका मंडल्यावर! अडणारच. डेटा ज्याच्या नावावर, त्याच्या होकाराशिवाय दुसऱ्यानं हात लावायचा नाही. नियम कोणाचा? माझा? छे गं! तुझ्या सरांचा. ते इथं होते तेव्हाचा. मी त्यांची विद्यार्थिनी — बाटल्या घेऊन गावोगाव मीच फिरली, दात डागळलेली लेकरं मीच पाह्यली. आणि सर जबलपूर सोडून गेले, ते सगळे आकडे आपल्या नावावर चढवून. ते जायच्या आधीच मी होकार मागितला. नाही दिला. गेली पीएचडी. नोकरी लागली, चलो, पण माय आमच्या मोहल्ल्यात, साऱ्या दीक्षितपुऱ्यात सांगून बसली होती, आमची पोरगी डॉक्टर होऊन राहिली म्हणून. मरेपर्यंत विचारे, झाली का?

पण पेरलं तेच उगवते. मागच्या वर्षी कार्यक्रमाची नवीन समिती आली, तिनं ठरवलं — नमुने जबलपूरनं गोळा केले, तर होकारही जबलपूरच देईल. म्हणजे कोण? मी! साऱ्या ऑफिसात पेढे वाटले त्या दिवशी. लोक विचारत, मॅडम, काय झालं? म्हटलं, खा मुकाट्यानं. वाटच पाहून राहिली होती गं मी. येईल, म्हटलं, एक दिवस नाक घासत येईल माझ्या दारात. आणि त्यानं पाठवलं कोणाले? तुले!

निघताना काय म्हणाले सर? खरं सांग, मले राग नाही यायचा... ओळखत नाही म्हणाले? नाव सांगितलं तू माझं? पूर्ण सांगितलं? मंडल्याचे नमुने जिनं आणले ती, असं सांगितलं?... तरी आठवत नाही.

चहा निवला तुझा.

हो, माहीत आहे, फेलोशिप संपून राहिली तुझी. आईनं मोहल्ल्यात सांगितलं असेल. सांगतातच. ए, रडू नको — रडून काही होत नाही, मी रडून पाह्यलं आहे, याच खोलीत, तू बसली तिथंच. इकडं ते बसत. त्यांनी मान वर करून पाह्यलंसुद्धा नाही. मी निदान पाहून तरी राहिली तुझ्याकडं.

हे पाह्य, स्क्रीनवर. नकार. दाबलं. आता हा कम्प्युटर कारण मागून राहिला. थांब, लिहिते — विचार करायची गरज नाही, सरांनी मले लिहिलं होतं तेच. पाठ आहे. 'विद्यार्थिनीने दुसरा विषय घ्यावा.'

जा आता. दार लोटून घे.