कार्डं सांभाळणाऱ्या बुरुलकान एजेंना निरोप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या नारिन दूरदर्शन केंद्राचे संचालक माननीय अब्दीकालिक ओरोजोविच, व्यासपीठावर बसलेल्या, शहराच्या सांस्कृतिक विभागाच्या प्रमुख आदरणीय झमीरा कादिरोव्हना, लांबलांबच्या गावांहून घाटातला बर्फ तुडवत आलेल्या माता-भगिनींनो, माझ्या सहकाऱ्यांनो, आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या बुरुलकान एजे,

एजे, असं बघू नका माझ्याकडे. थोडक्यात बोल, असं तुम्ही सकाळीच बजावलंय, माझ्या लक्षात आहे. आत मटण शिजून तयार आहे आणि त्याचा वास माझ्याही नाकात शिरतोय. पण एजे म्हणजे थोरली बहीण, तिला निरोप द्यायचा तर थोडक्यात कसा द्यायचा, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

मी तालायबेक. या केंद्राचा कॅमेरामन. मी जे जे टिपलं ते शेवटी एजेंच्या टेबलावर जायचं. बाहेरच्यांना वाटतं, दूरदर्शन म्हणजे कॅमेरा. कॅमेरा काय, एकदा आला की आला. खरी ओढाताण असते ती चित्रण साठवणाऱ्या त्या नखाएवढ्या कार्डांची. आमचे नवे कॅमेरे आले तेव्हा कळलं की त्यांना वेगवान कार्डं लागतात आणि ती इतकी महाग की आमच्या वाट्याला मोजकीच आली. मग एजे बिश्केकच्या बाजारात जाऊन साधी कार्डं आणू लागल्या. त्यांतली काही चक्क नकली! वर आकडा मोठा, पोटात जागा नाही. पाव भरलं की आधीचं चित्रण गिळायला सुरुवात. म्हणून एजे प्रत्येक कार्ड आधी काठोकाठ भरून पाहायच्या, मग सगळं परत तपासायच्या. जे टिकलं त्याच्यावर नखांच्या लाल रंगाचा ठिपका. "तालाय, लाल ठिपका असेल तरच लग्नाला ने. बिनठिपक्याचं नेलंस आणि नवरी गायब झाली, तर सासरच्यांना तोंड तू दे!" साध्या कार्डावर मोठ्या प्रतीचं चित्रण झेपायचं नाही, तर मला म्हणायच्या, "प्रत जरा खाली आण. आपल्या आजीबाईंच्या सुरकुत्या तशाही दिसतातच."

हसा, हसा. त्याही हसताहेत बघा.

आता कार्डं मोजकी म्हटल्यावर काय व्हायचं? कार्यक्रम प्रसारित झाला की कार्ड पुसायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरायचं. नियमच होता तो. त्या नियमामुळे जे घडलं, ते आज सांगायची परवानगी मी एजेंकडे मागितली. त्या म्हणाल्या, "सांग. मी लपवलंय कुठे?"

आपला शुक्रवारचा कार्यक्रम सगळ्यांना ठाऊक आहे. परमुलखात कामाला गेलेल्या मुलांना गावातल्या आया निरोप सांगतात. काराबुलुन गावात मी बात्मा आपांचा निरोप टिपला. त्यांचा मुलगा कुबात रशियात, येकातेरिनबुर्गला होता. आपा बराच वेळ बोलल्या. त्यातलं कार्यक्रमात किती आलं? दोन वाक्यं. "तब्येत सांभाळ बाळा, आम्ही मजेत आहोत." सगळ्याच आया म्हणतात तेवढंच. बाकीचं एजेंनी रिवाजाप्रमाणे पुसलं, आणि त्याच कार्डावर मी घोड्यांच्या शर्यती टिपून आणल्या.

पुढे हिवाळ्यात बात्मा आपा गेल्या. रस्ते बंद होते, कुबात मातीलाही पोहोचला नाही. वसंतात तो आला आणि घरी जाण्याआधी इथे, केंद्रात आला. अंगात प्रवासाचा कोट, हातात पिशवी. म्हणाला, "आईचं पूर्ण बोलणं मला पाहायचंय. काहीही करा, पण दाखवा."

मायलेकरांचं बिनसलेलं होतं. त्याचा लाडका घोडा आईने त्याला न विचारता विकला आणि कुबातने फोन करणं सोडलं. आई रागात गेली की माफ करून गेली, एवढंच त्याला हवं होतं. ते त्या दोन वाक्यांत कुठे सापडणार?

अब्दीकालिक ओरोजोविच, तेव्हा तुम्ही एजेंना बाजूला घेऊन म्हणालात, "तांत्रिक बिघाड झाला म्हणून सांगा. पोराला उगीच जास्त लागायला नको." तुमच्या मनात दयाच होती, मी साक्षीला आहे. पण एजे परत आल्या, कुबातसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "बाळा, बिघाड वगैरे काही नाही. मी पुसलं. माझ्या हातांनी."

तो नुसता टोपी चुरगळत बसला. त्याने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग एजेंनी चहा ओतला आणि म्हणाल्या, "पण पुसण्याआधी मी सगळं पाहते. तुझी आई मी पूर्ण ऐकली आहे. सांगू?"

मी तिथेच उभा होतो. ते टिपलं होतं मी, पण कॅमेऱ्यामागे असलो की मी उजेड बघतो, बोलणं माझ्या कानांत शिरत नाही. एजेंच्या मात्र शिरलं होतं.

"तिनं आधी तुला शिव्या दिल्या," एजे म्हणाल्या.

"शिव्या?"

"अडेल खेचरा, म्हणाली. बापावर गेलास, म्हणाली. आधी रुसून मान वळवायची आणि मग उपाशी राहायचं."

कुबातने झटकन मान वर केली. "खेचर मला फक्त तीच म्हणायची. बाहेर कुणालाच माहीत नाही हे."

"मग पुढे ऐक. तू पाठवलेला कोट तिला खांद्यात घट्ट झाला, तो तिनं शेजारच्या सोनूनला दिला. तुला सांगू नका म्हणाली, आणि कॅमेऱ्यासमोरच म्हणाली!"

पोरगं हसलं हो. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हसत होतं.

"आणि घोडा, एजे?"

एजेंनी चहाचा प्याला खाली ठेवला. आमच्या एजे सांगताना हात हलवत नाहीत, पण तेव्हा त्यांनी बात्मा आपांसारखी रुमालाची गाठ हनुवटीखाली घट्ट केली. "म्हणाली, घोडा तुझा होता. मी विचारायला हवं होतं. गवत संपलं होतं आणि फोनवर तुझ्यापुढे रडायचं नव्हतं. तू येशील तेव्हा शिंगरू बघू, रंग तू निवड. मग तालायला विचारलं, आत्ता तो बघतोय का मला? हा म्हणाला, शुक्रवारी बघेल. तर म्हणाली, मग शुक्रवारपर्यंत थांबते."

 

कुबात म्हणाला, "पुन्हा सांगा." एजेंनी पुन्हा सांगितलं.

त्यानंतर एजे बदलल्या. त्या वर्षी केंद्राला थोडी मदत मिळाली होती. साहेबांना आणखी एक भारी कार्ड घ्यायचं होतं. एजे अडून बसल्या. "भारी कार्ड उद्या भरेल, की परवा मी पुन्हा कुणाची तरी आई पुसायची. जागा कॅमेऱ्यात नको आहे साहेब, कपाटात हवी आहे." त्या पैशांत त्यांनी संगणकाच्या साध्या डिस्क घेतल्या. नव्या परवडेनात तेव्हा बंद पडलेल्या दुकानांतल्या जुन्या गोळा केल्या, तपासून घेतल्या. जुनीचा भरवसा नाही म्हणून प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती. एक केंद्रात, दुसरी एजेंच्या घरी, गोधड्यांच्या चळतीत. त्यांच्याकडे मुक्कामाला गेलेल्या पाहुण्याने उशी ओढली तर डिस्क हातात यायची! आणि येकातेरिनबुर्गला संगणक दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा आमचा कुबात, गावाकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती लोकरी मोज्यांत गुंडाळून वापरलेल्या, पण धडधाकट डिस्क पाठवू लागला. तेव्हापासून या केंद्रात एकाही आईचा निरोप पुसला गेलेला नाही. किती घरांनी इथे येऊन आपलं माणूस पुन्हा पाहिलं! त्यांतली कितीतरी आज समोर बसली आहेत.

पण बात्मा आपा कपाटात नाहीत. म्हणून कुबात दर उन्हाळ्यात गावी आला की एजेंकडे जातो आणि म्हणतो, "एजे, सांगा." आणि त्या सांगतात.

आता एजे निवृत्त होऊन लेकीकडे तलासला निघाल्या आहेत. कुबात कायमचा गावी परतलाय, मागच्या रांगेत बसलाय. उठू नकोस रे, बस. परवा तो माझा कॅमेरा मागून घेऊन एजेंच्या घरी गेला. मीही गेलो. म्हणाला, "एजे, जाण्याआधी एकदा कॅमेऱ्यासमोर सांगा. साठवून ठेवतो."

एजेंनी भिंगावर झाकण बसवलं. "तुझ्या आईच्या जागी मी बसायची नाही. चहा घे." मग त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "आज तू सांग."

तो आधी अडखळला. मग सांगू लागला. खेचर, कोट, सोनून, गवत, शिंगरू. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं. एजे डोळे मिटून ऐकत होत्या, मधूनच ओठ हलत होते. तो "शुक्रवारपर्यंत थांबते" म्हणाला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "एक शब्द नाही सुटला. आता मी जाते बाळा."

मंडळी, यापुढे बोलायला मला जमणार नाही. आयोजकांनी मला वेळ दिला, अध्यक्ष महाशयांचंच गुपित मी फोडलं तरी त्यांनी मान डोलावली, आणि आपण सर्वांनी जेवण लांबवून ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. एजे, तलासला सुखाने राहा. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तोंडून जास्तीचा शब्द गेला असेल, तर आपलाच समजून पोटात घाला.