मयत जोतीरामचा पगार

तसं न्हाई आप्पा, एकदम खिडकीपाशी जाऊन 'पोराचा पगार द्या' म्हणाल तर तो कारकून मान वर करून बगणार बी न्हाई. बसा हितं, सावलीला. पोरगा जाऊन किती दिस झाले? — पाच महिने. मग तुमच्याकडं महिना हाय अजून. सा महिने ठेवतात मिलवाले, मग बिनवारशी म्हणून आपल्याकडंच जमा करतात. लई म्हाताऱ्यांना ठावंच नसतं. पोरगा गेला म्हंजे त्याचा पगार बी गेला, असं धरून घरी बसतात. चार महिन्यांत सोळा जणांचा काढून दिलाय मी. न्हाई, पैसे न्हाई घेत. का म्हंजे? — न्हाई घेत, बास.

बिल्ला आणलाय? हा, पितळेचा, हाच. ह्याच्यावरचा नंबर सांगायचा, मयताचा तुमी कोण ते सांगायचं, मग दोन साक्षीदार, मग तुमचा अंगठा. आन् एक ध्यानात ठेवा — 'मेला' म्हणायला लागतं. गेला, देवाघरी गेला, असलं तितं चालत न्हाई. मथुराबाई म्हणून एक म्हातारी तीन डाव आली, तीन डाव खिडकीत तोंड घालून म्हणली, पोरगा सध्या कामावर न्हाई. चौथ्या डावाला मी तिचा हात धरून उभा ऱ्हायलो, तवा म्हणली. साक्षीला बी मीच. सोळा माणसं मेली म्हणून मी शपथेवर सांगितलंय आप्पा, आन् त्यातल्या एकाला बी मी कधी बगितलेलं न्हाई.

नाव? तितं मी धुळाप्पा सांगतो. धुळाप्पा माजा थोरला. माजं नाव जोतीराम — पर ते तितं सांगता येत न्हाई. त्यांच्या वहीत जोतीराम मेलाय. आसं बगू नका, भूतबीत न्हाई मी. माज्या बिल्ल्यावर दादा काम करायचा, एवढंच. मिलमधी लई जण करतात आसं — नाव एकाचं, राबणार दुसरा. चार वर्सं त्यानं जोतीराम म्हणून हाकेला ओ दिली. मशिनीच्या पट्ट्यात सापडून मेला तवा बी लोक जोतीराम, जोतीराम म्हणूनच वरडले आसतील.

मिलमधले दोघं जण सांगाया आले, मोहोळला उतरून आमच्या वस्तीवर. मी भाकरी खात हुतो. म्हणले, मावशी, तुमचा जोतीराम गेला, कालच माती दिली. आन् आय हासली. माज्याकडं बोट करून हासली — ह्यो काय बसलाय की, भाकरी मोडतोय. त्यांना पाणी दिलं, बसा म्हणली, उन्हाचं आलाय. मला आदी कळलं. घास तोंडात तसाच. आन् ती आपली हासतीय.

आमी कुणी त्याचं तोंड बगितलं न्हाई. म्हणून आय अजून म्हणती, जोतीराम गेला म्हणले, माजा धुळाप्पा गेला आसं कुठं कोण म्हणलं? रोज त्याची भाकरी करती. अंगठा द्यायला चल म्हणलं तर म्हणली, तू म्होरं बसल्यावर तू मेलास म्हणून अंगठा देऊ व्हय? चुलीत घालीन अंगठा.

ह्यो माज्या हातातला, दादाचा बिल्ला, माजाच हुता खरा. म्हंजे — कामावर मीच लागलो हुतो. दोन दिस गेलो. तो आवाज, आप्पा, छातीत घुसतो, दात हालतात. तिसऱ्या दिशी पळून मेंढरांत गेलो. दादा म्हणला, जागा जाईल, चार दिस मी जातो तुज्या नावावर, भ्या मोडलं की ये. रागावला बी न्हाई. दर दिवाळीला इचारायचा, भ्या मोडलं का रं? मी म्हणायचो, म्होरल्या महिन्यात.

दादाला जाऊन आज सा महिने पुरे झाले. बावीस दिसांचा पगार हाय त्याचा आत, खिडकी मिटली की बिनवारशी. मयताचा भाऊ धुळाप्पा म्हणून अंगठा मी देतो, एक साक्षीदार हाय. दुसरा तुमी व्हा. तुमचं उद्या करून देतो, माज्या आयची आण. तुमी नुसतं माज्या शेजारी उभं ऱ्हायचं आन् म्हणायचं — जोतीरामला वळखत हुतो, जोतीराम मेला. एवढंच. आदी मला म्हणून दावा. म्हणा की. जोतीराम मेला.

का? तुमच्या पोरासाठी म्या म्हणायचं, मग माज्यासाठी तुमी — हात काढा. डोस्क्यावरचा हात काढा आप्पा. काढा म्हणतो न्हवं. मरायचं माजं वय न्हाई म्हणून नगा सांगू मला, ठावं हाय मला.

जावा तुमी. उद्या या सकाळी, तुमचं करू. जाता जाता खिडकीतल्यानं इचारलं तर सांगा, जोतीरामचं कुणी आलं न्हाई.