उलटी किटली

अरे, टाइलवरून मी मिस्त्रीशी पैज लावली होती, सांगितलं का तुम्हाला? नल्लकुंटा भागातल्या आमच्या घरी, स्वयंपाकघरात जुन्या गुळगुळीत टाइल्सवरच नव्या बसवायच्या होत्या. मी प्रायमर आणि टाइलचा गोंद आणून ठेवला, तर मिस्त्री मौलाचाचा म्हणाले, "नक्को भाई, बीस साल से सिमेंटाच लगारूँ मैं."

"चाचा, चिकनी दीवार पे सिमेंट नहीं टिकता!"

शेवटी ठरलं, एक टाइल त्यांची, एक माझी. जिची पकड पक्की, तिच्या पद्धतीनं सगळी भिंत! प्रायमर वाळला का, म्हणून मी दहा वेळा बोट लावून पाहिलं आणि वाळल्याबरोबर गोंद लावून टाइल दाबली.

दोन दिवसांनी चाचांनी त्यांची टाइल नुसती ओढली, ती हातात आली. माझ्या टाइलला छिन्नी लावली, ती हलेचना!

"जिंकलो!" मी ओरडलो.

"अरे, पण तिच्यावरच्या चित्रातली किटली उलटी आहे," आई म्हणाली.

चाचा हसले. "अब तोडे तो पुरानी टाइल भी आती, अम्मा. रहने दो."

आता सगळी भिंत माझ्या पद्धतीनं झालीय आणि मधोमध ती उलटी किटली. पाहुण्यांनी विचारलं की आई सांगते, "इतकी पक्की बसवलीय, चहासुद्धा सांडत नाही!"