मास्तर उडून गेला म्हणे

मी मूळची देगलूरच्या बाजूची. गावाचं नाव लिहून काय करता, तुमी काय जाणार हाव तितं? गावाच्या खालच्या अंगाला आमची घरं, मातीच्या भिंती, वर तुराट्यांचं छप्पर, खाली शेणाची जमीन. माय दर आठ दिवसाला सारवायची, हाताला भेगा पडायच्या तिच्या, त्या भेगात शेण जायचं, रात्री खोबरेल लावून हात वर धरून बसायची बिचारी. मग माझं लगीन झालं आन् मी मालकासंगं हैदराबादला आले. मालक सुलतान बाजारात एका दुकानी पुस्तकं बांधायचे, बाइंडिंगचं काम, आन् आमची खोली अफझलगंजच्या मागं, एवढीशी, दोन माणसं संगं उठली तर डोकी आपटावी एवढी. पण खाली शहाबादी फरशी व्हती बगा. त्या फरशीवर पाय ठेवला त्याच दिवशी मी म्हणलं, आता ह्या हातानं शेण न्हाई. जामबागच्या शाळेत आयाचं काम धरलं, पोरींच्या वेण्या घातल्या, ओकाऱ्या पुसल्या, पण शेणात हात घातला न्हाई.

हे मी तुमाला कामून सांगायले, तर माझ्या लेकानं मला ह्या वयात शेणाच्या जमिनीवर झोपायला नेलं. सुट्टी म्हणून! काय सांगू तुमाला, मोठ्या गाडीत बसवून, एसी लावून, दीड दोन तास लांब नेलं आन् मायच्या झोपडीत नेऊन सोडलं. इको-लॉज म्हणतात त्याला.

पण थांबा, आधी मास्तरचं सांगते, न्हाईतर तुमाला काही कळायचं न्हाई. मास्तर म्हणजे आमचा राघू. दुकानामागच्या चिंचेतून पडलेलं पिल्लू, अंगावर पीस न्हाई, मालकांनी सदऱ्याच्या खिशात घालून आणलं. सिद्धार्थ, माझा लेक, तवा पाळण्यात व्हता. मालकांची रीत अशी की संध्याकाळी आले की दारात चपला काढायच्या, खोकायचं, गोंदाचा आन् कागदाच्या धुळीचा खोकला त्यांना कायमचाच, आन् मग मोठ्यानं म्हणायचं, जय भीम. घरातल्या सगळ्यांनी उलट म्हणल्याबिगर माणूस उंबरा ओलांडायचा न्हाई. मी चुलीपाशी असले, फुंकणी तोंडाला असली तरी सुटका न्हाई, पुन्हा म्हणणार, आणखी मोठ्यानं म्हणणार. म्हणायचे, जय भीम अधांतरी ठेवू नये, कुणी म्हणला की जबाब द्यायचा, आपल्या बापजाद्यांना कुणी नमस्काराचा जबाब दिला न्हाई, आपण देऊ. राघू हे सगळं शिकला. आधी तो खोकला, हुबेहूब, मग जय भीम, आन् जबाब येईस्तोवर थांबायचा न्हाई. जबाब आला की मालक त्याला शेंगदाणा द्यायचे. आलेल्या गेलेल्या सगळ्यांची हजेरी घेतो म्हणून नाव मास्तर.

मालक गेले. पण संध्याकाळी खोकला यायचाच घरात. बाया म्हणायच्या, मावशी, तुमाला भ्या न्हाई वाटत? म्हणलं, भ्या कशाचं, रोज घरी येतो की माझा माणूस.

आता आमचे चिरंजीव. शिकले, कंप्युटरात गेले, गच्चीबावलीकडं वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतला, मला आन् मास्तरला बी तितं नेलं. चांगलं झालं, मी न्हाई कुठं म्हणते? पण सिद्धार्थचं तितं सिड झालं. एवढ्या थोर माणसाचं नाव बापानं हौसेनं ठेवलं आन् ह्यानं ते शेपूट तोडल्यावाणी तोडून टाकलं. सून प्रणाली, ती गरीब आहे, ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघून हसते, नवऱ्याच्या तोंडाकडं बघून गप्प होते. आन् समोरच्या दारात पुण्याचे चिन्मय आन् मुग्धा. हा चिन्मय ह्याच्याच कंपनीत, ह्याच्या वरचा. त्यांना जेवायला बोलावलं. मी वांगी केली व्हती, शेंगदाण्याचं कूट घालून. दार उघडलं, पावणे आत आले, मास्तर खोकला आन् खणखणीत म्हणला, जय भीम.

दोघं हसले. मग हसू जरासं अडकलं. मुग्धा म्हणली, अय्या, हे कुणी शिकवलं ह्याला? आन् माझा लेक, त्याच बापाचा लेक, पाणी देता देता म्हणतो कसा, काही न्हाई हो, जुन्या बस्तीतले लोक काहीबाही शिकवत असतात. आन् मास्तर जबाबासाठी थांबला व्हता, तो पुन्हा म्हणला, पुन्हा म्हणला, तर ह्यानं पिंजऱ्यावर चादर टाकली. मी पोळीवर तूप घालत व्हते. माझ्या हातून तूप ताटाबाहेर गेलं. मी मास्तरला जबाब दिला, तितूनच, मोठ्यानं. कुणी माझ्याकडं बघितलं न्हाई. वांगी मात्र सगळी खाल्ली.

त्यावर थोड्या दिवसांनी मी भावाकडं गावी गेले. परत आले तर पिंजरा रिकामा. म्हणला, आई, साफ करताना दार उघडं राहिलं आन् उडून गेला. मी काय म्हणणार? वेड्यावाणी खालच्या बागेत फिरले, झाडाखाली उभी राहून हाका मारल्या, गॅलरीत पेरू टांगला, तो पेरू सडला. वॉचमन म्हणायचा, अम्मा, परेशान नक्को हो, आ जाता. माझ्या मनात एकच, त्याला उडायची सवय न्हाई, मांजरानं खाल्ला असंल. लेक माझा तितंच बसून मोबाईल बघायचा.

मग ही सुट्टी निघाली. प्राण्यांची सुटका करून ठेवतात तसली जागा, विकाराबादच्या रस्त्याला, आन् तितंच राहायची सोय. चिन्मय-मुग्धा बी संगं. गेल्या गेल्या एक दाढीवाला मॅनेजर आला, चुरगळलेले कपडे, पण चुरगळायलाच लई पैका लागला असंल असे. म्हणला, इथं पंखा नाही, टीव्ही नाही, नळाला गरम पाणी नाही. अशा तोऱ्यात म्हणला की जसं काय आमाला बक्षीस देतोय. खोलीत बाज, कंदील, मातीच्या भिंती, त्यावर कुणीतरी मुद्दाम बोटं उठवलेली, आन् खाली शेण. मुग्धानं चपला काढल्या, अनवाणी उभी राहिली, डोळे मिटले. म्हणली, काकू, किती शांत वाटतंय ना, तुम्हाला तर अगदी घरच्यासारखं वाटत असेल. म्हणलं, हो बाई, फक्त गांडुळं तेवढी दिसंनात.

प्राणी दाखवले. एक अस्वल व्हतं, पूर्वी नाकात दोरी घालून नाचवायचे म्हणे त्याला. आता घंटी वाजली की कुंपणाशी येतं आन् लोक फोटो काढतात. मी म्हणलं, दोरी गेली हे बेस झालं, पण बघणारी तोंडं तर तीच दिसायलीत. प्रणालीला हसू आलं, नवऱ्याकडं बघून तिनं ते गिळलं. पतंगाच्या मांजानं पंख कापलेली घार व्हती, तिच्याकडं मात्र मी लई वेळ बघत बसले. तिच्या डोळ्यात आमच्याबद्दल जे व्हतं ना, तेच माझ्या मनात व्हतं.

जेवणाला ज्वारीची भाकर आन् ठेचा, पितळी ताटात. त्याला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव. भाकर अशी जाड की माझी माय असती तर करणारीच्या पाठीत एक घातली असती. मुग्धा भाकरीचा फोटो काढता काढता म्हणली, काकू, तुमचा पोपट इथं किती खूष असेल, नाही? मोठ्या पिंजऱ्यात, आपल्या जातभाईंमध्ये.

माझा घास हातात. म्हणलं, कोणता पोपट?

तिचं तोंड उतरलं. तिला काय ठाऊक की मला ठाऊक न्हाई. मग सगळं बाहेर आलं. पोपट घरी ठेवणं कायद्यात बसत न्हाई, चिन्मयनंच हितला नंबर दिला, मी गावी असताना सिद्धार्थनं मास्तरला हितं आणून सोडलं, आन् जनावर आणून देणाऱ्याला ह्यांच्याकडून एक रात्र फुकट राहायला. फुकट! बापाचा आवाज देऊन आला आन् बदल्यात शेणाची जमीन घेऊन आला. लेक म्हणला, आई, इथं आणून सांगणारच होतो. कायदा आहे गं तसा. म्हणलं, कायदा आहे ते खरं, त्याच्यावर माझं भांडण न्हाई, मला सांगितलं असतंस तर मीच आणून सोडला असता. पण ती वांगी खाल्ली त्या दिवसाच्या आधी बी कायदा हाच व्हता ना रे? चिन्मय उगीच पाणी प्यायला. रात्रभर माझा डोळा लागला न्हाई, आन् ती बाज करकरत राहिली.

उजाडलं तसं मी म्हणलं, मला मास्तर बघायचा. सगळे आले माझ्या मागं, चिन्मय-मुग्धा बी. हिरव्या जाळीचा मोठा पिंजरा, आत झाड, घरंच्या घरं मावतील एवढा. दारावर पाटी, तीन भाषांत, बोलू नका. तितली डॉक्टरीण, तेलुगू पोरगी, हळू आवाजात मला बाजूला घेऊन म्हणली, अम्मा, हे सगळे घराघरांतून आलेत. माणसाची बोली विसरले की सोडता येतात. बोलत राहिले तर बाहेर माणसाकडंच जातात आणि लोक पुन्हा धरतात. म्हणून इथं कुणी एक शब्द बोलायचा नाही. बघा, पण बोलू नका.

म्हणलं, हौ. समजलं मला. ह्या सगळ्या भपक्यात तेवढी एक पोरगी मला कामाची दिसली.

जाळीपाशी उभी राहिले. लई राघू, सगळे सारखे, मला ओळखू येईना. आन् वरून खोकला आला. माझ्या मालकांचा. गोंदाचा, धुळीचा, तसाच. मग जय भीम.

मी पदर तोंडात कोंबला. काय सांगू तुमाला, नवरा गेला तवा बी मला एवढं जड गेलं न्हाई. तो वरून खाली आला, जाळीला चोच लावली, मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं, पुन्हा म्हणला, जय भीम. मी बोलले तर हा हितंच अडकणार, न्हाई बोलले तर एक दिवस उडून जाईल. म्हणून न्हाई बोलले. डोळ्यातलं पाणी वाहू दिलं पण तोंड उघडलं न्हाई. तो काय थांबतोय? आणखी मोठ्यानं. मालक उंबऱ्यात उभं राहून म्हणायचे तसं. आन् मागून दुसरा एक राघू म्हणला, जय भीम. मग तिसरा. अगं माय! मास्तरनं अख्खी शाळा भरवली व्हती तितं. डॉक्टरीण कपाळाला हात लावून उभी. मुग्धा चिन्मयकडं बघायली, चिन्मय माझ्या लेकाकडं.

आन् माझा लेक जाळीपाशी आला. तोंड असं झालेलं की लहानपणी ताप यायचा तवा व्हायचं तसं. जाळीत बोटं अडकवली आन् म्हणला, जय भीम, बाबा.

मास्तर गप्प. मान हलवून शेंगदाणा शोधायला लागला.

डॉक्टरीण तापली, तापणारच, तिची सगळी मेहनत पाण्यात. म्हणली, पाटी दिसत नाही? आता ह्याला पुन्हा पहिल्यापासून, अजून किती दिवस लागतील कोण जाणे. आन् शिकवलं कुणी हे ह्याला? तोच सवाल बगा, मुग्धाचा. माझं सगळं लक्ष लेकाच्या तोंडाकडं. चिन्मय-मुग्धा तितंच उभे. म्हणला, माझ्या वडिलांनी. ते पुस्तकं बांधायचे सुलतान बाजारात. आम्ही असंच म्हणतो घरात.

बोलला. मला बरं वाटलं, खोटं कामून सांगू. पण माझा राग गेला असं समजू नका. ज्या घरात बोलायचं तितं चादर टाकली, आन् सगळ्या मुलखात एकच जागा जितं बोलायला मनाई, तितं ह्याची वाचा फुटली. त्याच्या बोलण्याची किंमत त्या पाखरानं भरली. गाडीत मी एवढंच म्हणले, सिद्धार्थ, आता घरी बी बोलत जा, तितं पाटी न्हाई.

बोलतो का? कधी बोलतो. लिफ्टमधी कुणी नसलं की लई चांगलं बोलतो. मास्तर अजून तितंच आहे. डॉक्टरीण प्रणालीला फोनवर सांगती की आता खोकतो नुसता, बोलणं कमी झालंय. विसरू दे बापा. सगळं विसर, आन् जा. तुझ्या वाट्याचं लई म्हणून झालंय.

हितं आता दार मीच उघडते. वाण्याचा माणूस येऊ दे, सोसायटीचा सेक्रेटरी येऊ दे, चिन्मय येऊ दे, चपला काढायच्या आत म्हणते, जय भीम. आन् जबाब येईस्तोवर उंबऱ्यातून हलत न्हाई. सेक्रेटरीनं पहिल्यांदा नुसतं हां हां केलं, मी दुसऱ्यांदा म्हणले, आणखी मोठ्यानं. आता तो खालूनच घसा साफ करून येतो. मुग्धा म्हणते, पण तोंडातल्या तोंडात.

निघालात? चहा तसाच राहिला की तुमचा. बरं, लेकरंबाळं सुखी राहू द्या, लिहिलेलं नीट लिहा, माझं बोलणं लई गुळगुळीत करू नका. जय भीम.

अं? ऐकू न्हाई आलं. दार उघडंच आहे, जरा मोठ्यानं म्हणा.