एकट्याचं माप

एकटे राहून घरचं जेवता म्हणता, तर मला सांगा, वरणाला डाळ किती टाकता? हसू नका. मी वर्ध्याला नोकरीला लागलो आणि खानावळीच्या तर्रीनं माझ्या पोटाची वाट लावली. म्हटलं, आता आपल्या हातचं वरण-भातच खायचं. अल्लीपूरला घरी गेलो तेव्हा आईला विचारलं, "वरणाले डाळ किती टाकू?"

"सात मुठी," ती पटकन म्हणाली.

खोलीवर येऊन स्टोव्ह पेटवला आणि मोजून सात मुठी टाकल्या. गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, काठोकाठ भरला. खालच्या घरमालकीणकाकू एकट्याच राहायच्या. फोडणीच्या वासानं वर आल्या.

"काऊन रे, पंगत बसवून राह्यला का?"

मी त्यांनाच ताट वाढलं. दोनदा वरण मागून घेतलं त्यांनी.

पुढच्या रविवारी घरी जाऊन आईला घरमालकीणकाकूंच्या पंगतीची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, "अवं, सात मुठी आपल्या अकरा जणाइले लागते! मी तं एकटा आहो."

ती डाळीच्या डब्यात हात घालून बराच वेळ मूठ भरत आणि सोडत राहिली. मग म्हणाली, "एकट्याचं माप मले येतच नाई रे. तुह्या त्या घरमालकीणकाकूलेच विचारजो, एकटीच राह्यते ना ते."

परत येऊन काकूंना विचारलं.

"एकटीसाठी कोण रांधते बापा?" त्या म्हणाल्या. "चहा-टोसवर भागते माह्यं."

त्या दिवसापासून मी दोन मुठी डाळ टाकायला लागलो.