लाकडात दम सोडणारी करवत

सोत्कामो गावाला जाणाऱ्या बसमध्ये हेल्वीच्या पुढच्या सीटवर एक म्हातारी मांडीवर झाडं कापायची जुनी, साखळीची मोटर-करवत घेऊन बसली होती. शेजारच्या म्हाताऱ्याला राहवलं नाही.

"कुठे निघालात हिला घेऊन?"

"दुरुस्तीला. चालू झटक्यात होते, पण लाकडात घातली की दम सोडते."

"साखळीला धार?"

"कालच लावली. हवेची गाळणी धुतली, पेट्रोलची बदलली, प्लगही नवा घातला. मला नवखी समजलात की काय, भाऊ?"

"नाही हो, ताई. मी जन्मभर जंगलात झाडंच तोडली, म्हणून विचारतो. मुलगा नाही का लाकडं करून द्यायला?"

"तो म्हणतो, घर विक आणि शहरात ये. मी म्हटलं, बर्फ पडायच्या आत माझ्या हातानं हिवाळ्याची लाकडं भरली नाहीत, तर येते."

"मग, भरली?"

"लाकडांची अर्धी कोठी रिकामी आहे."

"हिचा आवाज कसा येतो हल्ली?"

"दबका. मला वाटलं, माझेच कान गेले."

"कान शाबूत आहेत. सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती काजळीनं बुजली असणार. धूर बाहेर पडला नाही, तर इंजिन जोर कुठून आणणार? जाळी काढून तारेच्या ब्रशनं घासा."

म्हातारीनं लगेच बस थांबवायचं बटण दाबलं.

"अहो, दुरुस्तीचं दुकान अजून लांब आहे."

"ब्रश घरी आहे. परतीची बस समोरूनच सुटते."

मागच्या सीटवरून हेल्वी उठली आणि म्हातारीची करवत दारापर्यंत घेऊन गेली. वाटलं होतं त्यापेक्षा ती बरीच जड निघाली.