गळ्यात राहिलेली इंचीटेप

सकाळी सव्वाअकराला माझी बोबडी वळली, तिथून सांगते. यांचं दुकान बुडालं, कर्ज फिटेना, म्हणून कोर्टात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करायला आम्ही आमच्याच शहरातल्या शाहपुऱ्यात वकीलबाईंकडे गेलो होतो. बाई मूळच्या नागपूरच्या. म्हणाल्या, "घरातलं सगळं सामान सांगा." मी फ्रिज, पलंग, सगळं सांगितलं, फक्त माझं शिलाई मशीन नाही. जप्तीच्या भीतीनं ते मी आदल्याच दिवशी अशोका गार्डन कॉलनीत नणंदेकडे पोचवलं होतं.

बाईंनी वर पाहिलं. "गळ्यात काय आहे?"

मी मंगळसूत्र मुठीत धरलं. "हे नाही देणार, ताई!"

"ते कोण मागतंय? ती इंचीटेप म्हणते मी. मशीन कुठे आहे?"

रोजच्या सवयीनं सकाळी टेप गळ्यात अडकवली होती, निघायच्या घाईत ती तशीच राहिली! यांनी कपाळाला हात लावला. मी रडत सगळं सांगून टाकलं.

बाई म्हणाल्या, "अहो, मंगळसूत्र आणि पोट भरायचं हत्यार कोर्ट सहसा घेत नाही. पण लपवलेलं सापडलं तर अर्जच फेटाळतील. मग वसुलीवाले आहेतच दारात!"

त्याच दुपारी मशीन रिक्षात घालून परत आणलं, यादीत लिहिलं. तारीख अजून लागायची आहे. पण तुमच्या ओळखीत कुणी असं सामान हलवत असेल, तर बायांनो, तिला आधी थांबवा.